वाद्यप्रधान रॉक संगीत

वाद्यप्रधान रॉक संगीत हा रॉक संगीताचा एक प्रकार असून त्यात गायन नसते, किंवा असलेच तर ते नाममात्र असते. गीतामध्ये जे कार्य गायकाचा आवाज आणि शब्द करतात, ते येथे मुख्यतः विद्युत गिटार करते. काही रचनांत ऑर्गन, सॅक्सोफोन, सिंथेसायझर किंवा ड्रम्स यांच्याकडे ते सोपविलेले असते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हा प्रकार लोकप्रिय झाला. पुढे ब्रिटन, जपान, कॅनडा आदी देशांत त्याच्या स्वतंत्र शाखा निर्माण झाल्या. शब्दांचा आधार नसताना संगीत श्रोत्याला नेमके काय सांगू शकते, हा प्रश्न या प्रकाराच्या केंद्रस्थानी आहे.

व्याप्ती

एखाद्या गीताच्या मध्यभागी येणारे दीर्घ गिटारवादन आणि वाद्यप्रधान रॉक यांत फरक केला जातो. पहिल्यात वादन गीताला पूरक असते, तर दुसऱ्यात संपूर्ण रचनाच वाद्यांसाठी बांधलेली असते. मात्र ही सीमारेषा काटेकोर नाही. द चॅम्प्स या गटाच्या 'टकीला' (१९५८) या गाजलेल्या रचनेत शीर्षकाचा एकच शब्द तीन वेळा उच्चारला जातो, तरीही तिची गणना याच प्रकारात होते. जॅझ आणि रॉक यांच्या मिश्रणातून झालेले फ्यूजन संगीत या प्रकाराला अगदी लागून आहे.

रचना आणि वादनतंत्र

आरंभीच्या रचना साधारणतः दोन ते तीन मिनिटांच्या असत. प्रथम एक ठसठशीत मुख्य धून वाजविली जाते, त्यानंतर तिचा विस्तार किंवा दुसरा भाग येतो आणि शेवटी मूळ धून परत येते. हिंदुस्थानी वाद्यसंगीतातील गत आणि तिच्या मुखड्याकडे होणारे पुनरागमन ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना ही बांधणी सहज उमगते. दोहोंतील महत्त्वाचा भेद असा, की रॉकमध्ये विस्ताराचा आधार रागनियम हा नसून बहुधा ठरावीक स्वरमेळांची साखळी हा असतो.

शब्द नसल्यामुळे वाद्याच्या नादगुणाला येथे असाधारण महत्त्व येते. अॅम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे ताण दिला असता ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. त्यामुळे आवाज खरखरीत व भरदार होतो. यास डिस्टॉर्शन म्हणतात. रिव्हर्ब यंत्रणेमुळे आवाजाला मोठ्या दालनातील घुमाऱ्याचा आभास लाभतो. स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारच्या तारांना पुन्हा कंपित करतो, तेव्हा फीडबॅक निर्माण होऊन स्वर लांबत राहतो. तार पडद्यावर दाबून बाजूला ओढण्याच्या क्रियेस बेंडिंग म्हणतात. सतारीवरील मींड याच तत्त्वावर निघत असल्याने भारतीय श्रोत्यास तिचा परिणाम ओळखीचा वाटतो.

इतिहास

आरंभकाळ (१९५६–१९६०)

या प्रकाराची मुळे ऱ्हिदम अँड ब्लूज संगीतात आहेत. बिल डॉगेट यांची 'हाँकी टाँक' (१९५६) ही रचना आरंभीच्या यशस्वी तबकड्यांपैकी एक होय. १९५८ मध्ये लिंक रे यांची 'रंबल' प्रसिद्ध झाली. खरखरीत आवाज मिळविण्यासाठी रे यांनी अॅम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलने भोके पाडली होती. 'रंबल' हा शब्द तत्कालीन बोलभाषेत टोळ्यांच्या मारामारीसाठी वापरला जाई. त्यामुळे तरुणांना चिथावणी मिळेल या भीतीने अमेरिकेतील काही नभोवाणी केंद्रांनी ही रचना वाजविण्याचे नाकारले. जिच्यात एकही शब्द नाही अशा रचनेला हा विरोध व्हावा, ही संगीताच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. आक्षेपासाठी हाती होते ते केवळ शीर्षक आणि नाद.

याच वर्षी ड्वेन एडी यांची 'रेबेल-राउझर' लोकप्रिय झाली. गिटारच्या खर्जातील तारांवर मुख्य धून वाजविणे हे एडी यांचे वैशिष्ट्य. त्यांच्या ध्वनिमुद्रणातील घुमारा रिकाम्या पाण्याच्या टाकीचा उपयोग करून साधला होता.

सुवर्णकाळ (१९६०–१९६४)

वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथील द व्हेंचर्स या गटाने जॅझ गिटारवादक जॉनी स्मिथ यांची 'वॉक, डोन्ट रन' ही रचना १९६० मध्ये रॉक शैलीत सादर केली व ती बिलबोर्ड क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचली. या गटाला जपानमध्ये विलक्षण लोकप्रियता लाभली आणि तेथील तरुणांत विद्युत गिटारची लाट आली. भाषेचा अडसर नसणे हे या यशाचे एक उघड कारण होते.

ब्रिटनमध्ये द शॅडोज या गटाची 'अपाची' (१९६०) अग्रस्थानी पोहोचली. गटाचे प्रमुख गिटारवादक हँक मार्विन यांचे स्वच्छ, सुरेल वादन पुढील पिढीतील अनेक ब्रिटिश वादकांना आदर्श ठरले. जुलै १९६२ मध्ये प्रक्षेपित झालेल्या दळणवळण उपग्रहाचे नाव धारण करणारी 'टेलस्टार' ही द टोर्नेडोज या गटाची रचना त्याच वर्षी आली. निर्माते जो मीक यांनी लंडनमधील आपल्या राहत्या जागेतील स्टुडिओत ती घडविली. या रचनेमुळे अमेरिकी क्रमवारीत प्रथम स्थान मिळविणारा पहिला ब्रिटिश गट होण्याचा मान द टोर्नेडोज यांना मिळाला.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर याच सुमारास सर्फ संगीत उदयास आले. त्याचे अग्रणी डिक डेल यांच्या वडिलांचे घराणे लेबनॉनमधील होते. पूर्व भूमध्य प्रदेशातील 'मिसिर्लू' ही पारंपरिक धून त्यांनी १९६२ मध्ये अतिद्रुत लयीत वाजविली. १९९४ च्या 'पल्प फिक्शन' या चित्रपटामुळे ती नव्या पिढीपर्यंत पोहोचली. द शँटेज यांची 'पाइपलाइन' आणि द सर्फारिस यांची 'वाइप आउट' या १९६३ मधील रचनाही प्रसिद्ध आहेत.

संक्रमण आणि विस्तार (१९६४–१९८०)

१९६४ मध्ये बीटल्स व अन्य ब्रिटिश गायक-गट अमेरिकेत लोकप्रिय झाल्यावर वाद्यप्रधान तबकड्यांची मागणी ओसरली. तथापि प्रकार नाहीसा झाला नाही. त्याचे स्थान बदलले. छोट्या तबकड्यांऐवजी तो दीर्घ अल्बममध्ये व मैफलींत वावरू लागला. फ्लीटवुड मॅक या गटाची 'अल्बाट्रॉस' (१९६८) ही पीटर ग्रीन यांची संथ, शांत रचना ब्रिटनमध्ये अग्रस्थानी गेली.

ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेंड्रिक्स यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत केवळ गिटारवर वाजविले. व्हिएतनाम युद्ध तेव्हा चालू होते. राष्ट्रगीताच्या मूळ शब्दांत अग्निबाण आणि स्फोट यांचे उल्लेख आहेत. हेंड्रिक्स यांनी ते शब्द न उच्चारता फीडबॅक व डिस्टॉर्शन यांच्या साहाय्याने स्फोटांचेच ध्वनी उभे केले. श्रोत्यांना शब्द पाठ होते, म्हणूनच त्यांच्या अनुपस्थितीला अर्थ आला. हे वादन निषेध होता की देशप्रेम, याविषयी अद्यापही दुमत आहे.

१९७३ मध्ये माइक ओल्डफील्ड यांचा 'ट्युब्युलर बेल्स' हा अल्बम व्हर्जिन रेकॉर्ड्सचे पहिले प्रकाशन म्हणून आला. त्यातील बहुतेक वाद्ये ओल्डफील्ड यांनी स्वतः वाजविली होती. त्याच वर्षी एडगर विंटर ग्रुपची 'फ्रँकेन्स्टाइन' अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचली. जेफ बेक यांच्या 'ब्लो बाय ब्लो' (१९७५) या अल्बमचे निर्माते बीटल्सचे जॉर्ज मार्टिन होते.

१९८० नंतर

१९८० च्या दशकात तंत्रकौशल्याला प्राधान्य देणारे वादक पुढे आले. जो सॅट्रियानी यांचा 'सर्फिंग विथ द एलियन' (१९८७) आणि स्टीव्ह वाय यांचा 'पॅशन अँड वॉरफेअर' (१९९०) हे या काळाचे प्रातिनिधिक अल्बम होत. वेगाच्या हव्यासात भाव हरवतो, अशी टीका या शैलीवर होत आली आहे. सॅट्रियानी यांच्या समर्थकांच्या मते त्यांच्या रचनांतील धून गाण्याइतकीच गुणगुणता येण्याजोगी असते.

१९९० च्या दशकात पोस्ट-रॉक या नावाने ओळखला जाणारा प्रवाह निर्माण झाला. शिकागोचा टॉर्टॉइज, स्कॉटलंडचा मोग्वाय, माँट्रियलचा गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर आणि टेक्सासचा एक्स्प्लोजन्स इन द स्काय हे त्यातील प्रमुख गट. येथे एकल वादकाचे वर्चस्व नसते. अनेक रचनांत अत्यंत हळुवार सुरुवातीपासून थरांवर थर चढत जाऊन प्रचंड नादापर्यंत होणारा प्रवास हाच आशय असतो.

ग्रॅमी पुरस्कारांत उत्कृष्ट वाद्य रॉक सादरीकरणासाठी १९८० पासून स्वतंत्र विभाग होता. २०११ नंतर तो बंद करण्यात आला.

भारतीय संबंध

ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा स्थापन केला. 'महाविष्णू' हे नाव त्यांना त्यांचे गुरू श्री चिन्मय यांनी दिले होते. 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) या अल्बममध्ये रॉकचा जोर व विषम मात्रांची लयबंधने एकत्र येतात. पुढे मॅक्लॉफ्लिन यांनी मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आदींसह 'शक्ती' हा गट उभारला. त्याचे संगीत मात्र रॉक नसून ध्वनिक वाद्यांवरील फ्यूजन होते. सतारवादक आनंद शंकर यांनी १९७० च्या आपल्या अल्बममध्ये सतार, मूग सिंथेसायझर आणि रॉक ताल यांचा मेळ घातला.

रसास्वाद

शीर्षकाला येथे विशेष वजन असते, कारण बहुधा तोच रचनेचा एकमेव शब्दरूप संकेत असतो. 'अल्बाट्रॉस' हे समुद्रपक्ष्याचे नाव ठाऊक असल्यास संथ लयीतून पंखांची हालचाल जाणवते. ते ठाऊक नसल्यास दुसरेच चित्र उमटू शकते. अर्थाची ही मोकळीक काहींना उणीव वाटते, तर काहींना हेच या प्रकाराचे सामर्थ्य वाटते.

प्रथमच ऐकणाऱ्यास पुढील क्रम उपयुक्त ठरतो:

• ठळक धून: 'अपाची', 'वॉक, डोन्ट रन'
• नादाचा प्रभाव: 'रंबल', 'मिसिर्लू'
• संथ भावदर्शन: 'अल्बाट्रॉस', फंकडेलिक गटाची 'मॅगट ब्रेन' (१९७१)
• लयीची गुंतागुंत: 'बर्ड्स ऑफ फायर', रश गटाची 'वायवायझेड' (१९८१)
• दीर्घ रचना: 'ट्युब्युलर बेल्स', एक्स्प्लोजन्स इन द स्काय यांचा 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' (२००३)