घोड्याची चाल

आश्विन पौर्णिमा जवळ आली, की सोलापूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता रात्रंदिवस पावलांनी गजबजून जातो. तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी हे गाव याच रस्त्यावर आहे. भवानीमातेच्या दर्शनास निघालेले असंख्य भक्त येथून पायी पुढे जातात. चालणे ही गोष्ट त्यांना किती सहज वाटत असेल! परंतु एक पाऊल टाकायचे, तरी कंबर किंचित वरखाली होते, बाजूला झुकते व पुढे सरकते. त्याच वेळी पाठीचे आणि पोटाचे स्नायू शरीराचा तोल सांभाळतात. हे सारे काम मेंदू आपल्या नकळत करवून घेतो.

काही मुलांच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी मेंदूला इजा झाली, तर स्नायूंवरील त्याचा ताबा बिघडतो. हातपाय ताठर होतात. मान व पाठ सरळ धरणे कठीण जाते. या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बुद्धी तल्लख असूनही अशा कित्येक मुलांना चालता येत नाही. त्यांच्या मदतीस घोडा धावून येतो. किंबहुना, संथपणे चालत येतो.

घोडा सावकाश चालू लागला म्हणजे त्याचे चार पाय एकामागून एक पडतात. प्रत्येक पावलासरशी त्याची पाठ हलते आणि तिच्यावर बसलेल्या स्वाराची कंबरही वरखाली, मागेपुढे व डावीउजवीकडे हलते. ही हालचाल माणसाच्या चालण्याशी फार मिळतीजुळती असते. पाय घोड्याचे, पण चाल उतरते ती स्वाराच्या शरीरात! तोल सावरण्यासाठी त्याच्या स्नायूंना सतत काम करावे लागते. घोड्याचे अंगही माणसापेक्षा थोडे अधिक उबदार, सुमारे ३८ अंश सेल्सिअस असते. त्या उबेने व डुलण्याने ताठर मांड्या हळूहळू सैल होतात. या उपचारास हिप्पोथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा.

यासाठी घोडा शांत स्वभावाचा निवडतात. मूल उंच ओट्यावरून त्याच्या पाठीवर बसते. डोक्यावर शिरस्त्राण असते. एकजण लगाम धरून पुढे चालतो आणि दोन्ही बाजूंस आधार देणारे सोबती असतात. उपचारतज्ज्ञ मुलाच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवतो.

घोड्याच्या या सामर्थ्याकडे जगाचे लक्ष वेधले ते डेन्मार्कच्या लिस हार्टेल या स्त्रीने. ती कुशल अश्वारोही होती. १९४४ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, तिला पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. तरीही चिकाटीने सराव करून ती पुन्हा घोड्यावर बसली. पायांनी इशारा देणे अशक्य झाले, तेव्हा पाठ आणि शरीराचा भार यांनी घोड्याशी बोलण्यास ती शिकली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने ज्युबिली या घोडीवर बसून रौप्यपदक जिंकले. त्या वेळी घोड्यावर चढण्या-उतरण्यासही तिला दुसऱ्याचा आधार लागत असे! १९५६ मध्ये तिने पुन्हा रौप्यपदक मिळवले. त्यानंतर अनेक देशांत अशा अश्वारोहणाचा प्रसार झाला. १९९६ पासून पॅरालिंपिकमध्येही अश्वारोहणाच्या स्पर्धा होतात. तेथे दृष्टिहीन स्वार मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सोबत्यांच्या हाकेवरून दिशा ओळखतात. भारतातही काही शहरांत असे उपचार केले जातात.

मात्र घोडा म्हणजे जादूगार नव्हे. मेंदूची इजा किंवा पोलिओने आलेले लुळेपण तो नाहीसे करू शकत नाही. मणक्यांचे काही विकार असणाऱ्यांना तर घोड्यावर बसणे अपायकारक ठरते. म्हणून वैद्यांच्या सल्ल्यावाचून हा उपचार करू नये.

असे असले, तरी त्याचा लाभ केवळ स्नायूंपुरता नसतो. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलाला एरवी सर्वांकडे मान वर करून पाहावे लागते. घोड्यावर बसल्यावर मात्र इतरांना मान वर करून त्याच्याकडे पाहावे लागते. तेव्हा त्यांना दिसतो तो रोगी नव्हे, तर स्वार.