गायीची कास आणि आपली कढई

जालना म्हटले की बाहेरचा माणूस बियाणे आणि लोखंडाच्या रोलिंग मिल्सची गोष्ट काढतो. पण जालना शहरात आणि अंबड, भोकरदन, परतूरच्या बाजारपेठांत आपल्या कितीतरी बांधवांची रोजी दुधावर चालते. कोणाचे चहाचे हॉटेल, कोणाचे दह्याचे दुकान, तर कोणाची खव्याची भट्टी. ईदच्या शीरखुर्म्यासाठी मागणी वाढली की मिळेल तिथून दूध घ्यावे लागते आणि मग तक्रारी सुरू होतात. दूध तापवताना नासले, विरजण लागले नाही, खवा कमी उतरला. पाणी घातले म्हणून गवळ्याशी भांडण होते आणि वर्षांचा रतीब तुटतो.

पाणी घालणारे नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. पण पुष्कळदा खरा दोष जनावराच्या कासेत असतो. पशुवैद्यक या आजाराला कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. गावात त्याला दगडी म्हणतात, कारण सुजलेली कास दगडासारखी घट्ट लागते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे सुप्त कासदाह. त्यात सूज नाही, ताप नाही, दूध दिसायलाही चांगले. नुकसान मात्र रोज चालू.

जंतूंची हत्यारे

या आजारातला एक हट्टी जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. माणसाच्या गळवातही हाच सापडतो. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी 1880 साली गळवाच्या पुवात हे जंतू पाहिले. द्राक्षाच्या घडासारखे दिसतात म्हणून त्यांना हे नाव मिळाले. धार काढणाऱ्याच्या हातावरून आणि एकाच फडक्यावरून तो एका गायीकडून दुसरीकडे जातो.

त्याच्याजवळ हत्यारे बरीच. एकाने तो कासेच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो. दुसऱ्याने रक्तातला द्रव गोठवतो. तिसरे विष शरीराच्या पांढऱ्या पेशींना मारते. भोवती चिकट थर करून आणि पेशींच्या आत लपून तो औषधालाही चुकवतो. काही जाती तर पेनिसिलीनच तोडून टाकतात. म्हणून दोन दिवसांत दूध साफ दिसले तरी रोग गेला असे समजू नये. अर्धवट इलाज सोडला की तो परत येतो आणि शेवटी सड कायमचा बाद होतो.

शेणातल्या ई. कोलाय या जंतूची तऱ्हा वेगळी. त्याचे विष त्याच्या आवरणातच असते आणि जंतू मेला की ते सुटते. जनावराला अचानक ताप चढतो, दूध पाण्यासारखे होते. इथे एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो.

दुकानात काय होते?

आजारी कासेच्या दुधात साखर आणि केसीन कमी होते, क्षार वाढतात. चव खारट लागते, तापवताना दूध फाटते, खवा कमी पडतो. डेअरीवर एसएनएफ कमी भरते. म्हणजे पाणी घातल्यासारखाच प्रकार!

दही न लागण्याचे आणखी एक कारण आहे. सडात सोडलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरतो आणि तो विरजणाच्या जंतूंना मारतो. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस लिहिले असतील, तितके दिवस ते दूध विकू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उकळल्याने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकसने दुधात आधीच सोडलेले विष उकळूनही टिकू शकते. असे दूध किंवा त्याचा माल खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या होतात. म्हणून धार काढल्यावर दूध लगेच थंड करावे, उन्हात तासन् तास ठेवू नये.

घरची परीक्षा

कॅलिफोर्नियात 1957 साली एक सोपी चाचणी निघाली. तिचाच घरगुती प्रकार असा: अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा. चार सडांचे दूध चार वाट्यांत थोडे थोडे घ्या, तितकेच पाणी घाला आणि हलवा. पातळ राहिले तर ठीक. चिकट, लोळ्यासारखे झाले तर त्या सडात दोष समजावा. परीक्षेचे दूध फेकून द्यावे. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या गायीत ही परीक्षा फसवते. बाजारात दुभती गाय घेतानाही सौद्याआधी ही परीक्षा करून पाहावी.

दोष दिसला तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. कोणते औषध लागू पडेल हे दुधाच्या तपासणीवरून कळू शकते. मनाने ट्यूब आणून सोडू नये. धारेआधी हात व कास धुवावी, धारेनंतर सड आयोडीनच्या औषधात बुडवावेत. सडाचे तोंड काही वेळ उघडे असते, म्हणून वैरण टाकून जनावराला अर्धा तास उभे ठेवावे. आजारी गायीची धार शेवटी काढावी.

पुढच्या वेळी कढईत दूध नासले तर गवळ्याचा हिशेब तोडण्याआधी त्याच्या गोठ्यावर चार वाट्या घेऊन जावे, असा आमचा सल्ला आहे. त्याचे जनावर वाचेल आणि आपला रतीबही.