लक्षद्वीपची सहल : बेत आखण्यापूर्वी

सुटी जवळ येऊ लागली की घरोघर सहलीचे बेत सुरू होतात. अलीकडे अशा गोष्टी निघाल्या म्हणजे लक्षद्वीपचे नाव हमखास ऐकू येते. आपल्या गोव्याचा किनारा ज्या अरबी समुद्राने धुतला आहे, त्याच समुद्रात दक्षिणेकडे ही बेटे वसलेली आहेत. एखाद्या शहरी जावयाचे असल्यास ‘दिवस किती व खर्च किती’ एवढे दोन प्रश्न पुरे होतात. बेटावर जाणाऱ्याने मात्र आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा : आपला भार त्या बेटाला कितपत पेलेल? तो का विचारावयाचा, हे समजण्यासाठी बेटांची घडण थोडी पाहू.

लक्षद्वीपात ३६ बेटे गणली जातात. त्यांपैकी कायम लोकवस्ती १० बेटांवरच आहे. सर्व बेटांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या गोव्याचा शंभरावा भागदेखील नव्हे! २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ६४,४७३ होती. कोचीपासून ही बेटे २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. तेथे नदी नाही, डोंगर नाही. जमीन समुद्रसपाटीपासून थोडे मीटरच उंच.

ही जमीन निर्माण केली ती प्रवाळ नावाच्या चिमुकल्या जीवांनी. समुद्रातील ज्वालामुखीच्या शिखराभोवती प्रवाळ चुन्याची घरटी बांधतात. शिखर हळूहळू खचत जाते, प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर बांधीत राहतात. अखेर शिखर बुडते आणि त्याच्या भोवतीचे कंकण तेवढे शिल्लक उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विन याने १८४२ साली मांडली. या कंकणाच्या आत जे उथळ, शांत, निळेहिरवे पाणी असते त्याला लगून म्हणतात. बाहेरच्या लाटा या प्रवाळाच्या भिंतीवर फुटतात, म्हणूनच आतील माणसांची घरे सुरक्षित राहतात.

आता पिण्याच्या पाण्याचे पाहा. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि जमिनीखाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. कारण गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते. समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याचा १ फूट थर असेल, तर त्या पातळीखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असावे, असे गणित सांगते. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने दोन्ही पाणी मिसळते व हा थर पुष्कळच पातळ राहतो. त्यातून वाजवीपेक्षा अधिक उपसा झाला की खालचे खारे पाणी वर चढते. समुद्राकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, हे किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना सांगावयास नको. परंतु आपल्याला मागे डोंगर आहेत, नद्या आहेत. बेटवासीयांना ही एवढीच पाणपोई. कवरत्ती येथे २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र सुरू झाले व त्याने मोठी सोय झाली. त्याची क्षमता दिवसाला सुमारे १ लाख लिटर. तेव्हा पाहुण्याने दोनदोनदा मनसोक्त स्नान करावे काय, याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यावे.

यावरून सुटी कोणती निवडावी हेही ठरते. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. ते महिने वर्ज्यच. मे महिन्यात सुटी मोठी असली तरी पाऊस होऊन बरेच महिने उलटलेले असतात आणि समुद्रही अतिशय तापलेला असतो. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत विहिरी नुकत्याच भरलेल्या असतात व हवा सुखद असते. म्हणून शक्य तर हीच वेळ साधावी. मात्र या दिवसांतही वादळे होतात, हे विसरू नये. २०१७ च्या डिसेंबरच्या आरंभी ‘ओखी’ चक्रीवादळाने या बेटांना जबर तडाखा दिला होता. हवामानखात्याचा इशारा पाहूनच निघावे आणि परतीसाठी एकदोन दिवस हाताशी राखावेत.

लक्षद्वीपात जाण्यास प्रवेशपरवाना लागतो. तो हाती आल्यावाचून पुढचा खर्च करू नये. कोचीहून आगबोटीने जाता येते, तसेच आगत्ती बेटावर विमानतळही आहे. बोटीच्या प्रवासात एक रात्र सहज मोडते, परंतु बेट किती दूर आहे हे बोटीनेच खरे कळते. तेथील बहुतेक रहिवासी मुसलमान आहेत. मिनिकॉय वगळता इतर बेटांवर मल्याळम बोलली जाते. मिनिकॉयची महल भाषा मात्र निराळी असून तिची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. गावात वावरताना अंगभर साधा पोशाख असावा व कोणाचे छायाचित्र घेण्यापूर्वी अनुमती मागावी. सामानात प्लास्टिकच्या वस्तू शक्य तितक्या थोड्या न्याव्यात आणि झालेला कचरा परत आणावा, कारण तो पुरण्यास तेथे जागा नाही.

शेवटी प्रवाळाविषयी. पाणी फार तापले की प्रवाळ पांढरे पडतात व पुष्कळदा मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपात असे मोठ्या प्रमाणावर घडले. बंगारमजवळचे पराली-१ हे निर्जन बेट झिजून पूर्णपणे पाण्याखाली गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवाळावर पाय देणे म्हणजे अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडणे होय. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण दिलेले असल्याने त्याचा तुकडा आठवण म्हणून आणणे हा अपराधही आहे.

विद्यार्थी मित्रांनो, घरी सहलीचा बेत ठरू लागेल तेव्हा वडीलधाऱ्यांपुढे नकाशा उघडा आणि खर्चाच्या टाचणाशेजारी पाण्याचेही टाचण करा. एका माणसाला दिवसाला किती पाणी लागते, हे आधी घरीच आठवडाभर मोजून पाहा. तो आकडा निम्म्यावर आणता आला, म्हणजे लक्षद्वीपास जाण्याची खरी तयारी झाली असे समजावे.