एक घटिका, साडेतीन पळं

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, केरी परगण्यातल्या डिंगल द्वीपकल्पावर किलमाल्केदार नावाची जागा आहे. बाराव्या शतकातल्या पडक्या चर्चच्या आवारात एक दगडी पाटी उभी आहे. तिच्यावर अर्धवर्तुळ, त्यात कोरलेल्या रेषा आणि वर मध्यभागी एक भोक. त्या भोकात आडवी खुंटी बसत असे, तोच या छायायंत्राचा, म्हणजे सावलीच्या घड्याळाचा, शंकू. खुंटी कधीच गेली.

आयर्लंडच्या प्राचीन कालगणनेवर लिहिणारे बहुतेक जण थेट न्यूग्रेंजच्या दगडी थडग्याच्या गाभाऱ्यात शिरतात. ती पाच हजार वर्षांपूर्वीची रचना थोरच. पण ती वर्षातला दिवस सांगते, दिवसातली वेळ नाही. किलमाल्केदारच्या पाटीचं काम रोजचं होतं: मठातल्या साधूंना प्रार्थनेची वेळ सांगायची. दिवसाचा तिसरा, सहावा आणि नववा तास त्यांना महत्त्वाचा. हे तास सूर्योदयापासून मोजायचे आणि उजेडाचे बारा भाग धरायचे. म्हणजे आपल्याकडे दिवसाचा पहिला, दुसरा, तिसरा प्रहर संपतो तीच ही वेळ.

फक्त तिथला प्रहर फार लवचीक. मुंबईत तो हिवाळ्यात पावणेतीन तासांचा, तर उन्हाळ्यात सव्वातीनच्या किंचित वर. आयर्लंड ५३ अक्षांशाच्या आसपास. तिथे डिसेंबरात प्रहर दोन तासही भरत नाही आणि जूनमध्ये सव्वाचार तासांवर जातो. त्यात जूनचा सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड केलेल्या पाटीवर सकाळचे पहिले काही तास ऊनच पडत नाही. ढगांचं तर बोलायलाच नको. तरीही डाउन परगण्यातल्या नेंड्रम मठाच्या उत्खननात अशाच छायायंत्राचे तुकडे सापडले. एवढ्या ढगाळ मुलुखात माणसं सावली कोरत बसली, याचं मला अजून नवल वाटतं.

यंत्राची घड्याळं आली तरी वेळ गावचीच राहिली. १८८०च्या कायद्याने ब्रिटनला ग्रिनिचची वेळ दिली आणि आयर्लंडला डब्लिनची: २५ मिनिटं २१ सेकंदांनी मागे. आपल्या मापात एक घटिका आणि वर जवळपास साडेतीन पळं. डब्लिनच्या बॅलास्ट ऑफिसवर जहाजांसाठी एक गोळा ठरावीक वेळी खाली पडे, तो ग्रिनिचच्या वेळेने. खालचं घड्याळ मात्र डन्सिंक वेधशाळेच्या तारेवर, डब्लिनच्या वेळेने चाले. जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीत नायक ब्लूमचा याच दोन वेळांत गोंधळ उडतो, आधी तो चुकतो, मग त्याला आठवतं.

एप्रिल १९१६मध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध बंड झालं. त्याच ऑगस्टमध्ये लंडनच्या संसदेने डब्लिनची वेळ रद्द केली. १ ऑक्टोबरला, उन्हाळी वेळ संपताना, ब्रिटनची घड्याळं एक तास मागे गेली. आयर्लंडची ३५ मिनिटंच. एक घटिका कायद्यात जिरली.

मुंबईकराला हे परकं वाटू नये. १९०६मध्ये भारताची प्रमाणवेळ आली तरी तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची वेळ १९५५पर्यंत तग धरून होती.

सावलीला मात्र यातला कुठलाच कायदा लागू झाला नाही. डब्लिनमध्ये आज सूर्य माथ्यावर येतो तेव्हा मनगटावर, उन्हाळ्यात, सुमारे एक पंचवीस झालेले असतात. मुंबईत बारा एकोणचाळीस, काही मिनिटं इकडेतिकडे.