मोहगाव : घाटाखालचे एक गाव



फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या कुशीत, मोंतायू नावाचे एक खेडे आहे. चौदाव्या शतकात त्याची वस्ती अडीचशेच्या आसपास होती. तेथे ना राजवाडा, ना रणांगण. परंतु १३१८ ते १३२५ या काळात पामिएचे बिशप झाक फुर्निए यांनी पाखंडाच्या संशयावरून तेथल्या शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या आणि विधवांच्या जबान्या घेतल्या. चौकशीचा हेतू निर्मळ नव्हता, हे आम्हां कॅथॉलिकांनाही मान्य करावेच लागते. पुढे १३३४ मध्ये हे बिशप बेनेडिक्ट बारावे या नावाने पोप झाले आणि ते बाड व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिले. त्याच बाडाच्या आधाराने १९७५ मध्ये ल रुआ लादुरी या इतिहासकाराने ते सबंध खेडे, चुलीपासून कुरणापर्यंत, पुन्हा उभे केले.

आपल्याकडच्या एखाद्या गावाविषयी असे काही करता येईल काय? मी आज सौंसर व पांढुर्णा यांच्या दरम्यान असलेल्या मोहगावाविषयी बोलणार आहे.

छिंदवाडा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६७५ मीटर उंचीवर, तर नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे. सिल्लेवानीचा घाट उतरून दक्षिणेकडे आले की सातपुड्याचे पठार संपते आणि नागपूरच्या मैदानाशी नाते सांगणारा मुलूख सुरू होतो. कापूस, ज्वारी आणि संत्रे ही या भागाची ओळख. मोहगावाची सर्पा नदी जामसावळीजवळ जाम नदीस मिळते, जाम कन्हानला, कन्हान वैनगंगेला. आणि शेवटी हे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. वायव्येकडे फार दूर नसलेल्या मुलताईला उगम पावणारी तापी मात्र अरबी समुद्राची वाट धरते. भूगर्भशास्त्रज्ञांना तर सौंसर हे नाव जगभर ठाऊक आहे. मध्य भारतातील मँगनीजयुक्त प्राचीन खडकांच्या एका मोठ्या समूहाला त्यांनी याच गावाचे नाव दिले आहे.

'मोहगाव' हे नाव मोहाच्या झाडावरून आलेले, हे सांगावयास नकोच. मोहगावे पुष्कळ आहेत, म्हणून याला 'मोहगाव हवेली' म्हणतात. हवेली म्हणजे मोठा वाडा, असे आपण सहज समजतो. परंतु जुन्या महसुली भाषेत मुख्य ठाण्याला जोडलेल्या आसपासच्या मुलखालाही हवेली म्हणत. पुण्याजवळच्या हवेली तालुक्याचे नाव तसेच पडले. मोहगावाच्या बाबतीतही या दुसऱ्या अर्थाकडे माझा कल आहे. सर्पेच्या काठी अर्धनारीश्वराचे मंदिर आहे. बारा ज्योतिर्लिंगांच्या यादीत त्याचे नाव नाही, तरी पंचक्रोशीतील भाविक त्याला ज्योतिर्लिंगच मानतात.

हा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांचा. त्यांच्यापैकी बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये नागपूर वसविले. अठराव्या शतकात सत्ता भोसल्यांकडे गेली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले व डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. इंग्रजांनी मालगुजारांना गावांचे मालक ठरविले. ती मालकी १९५० च्या कायद्याने संपली.

यानंतरची तारीख या भागाच्या दृष्टीने सर्वांत मोठी : १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे चार असे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर घाटाखालची मराठी गावेही राहिली. ग्रिअर्सनने १९०५ मध्येच या बाजूची बोली नागपुरी मराठीत घातली होती. पण सीमा जिल्ह्यांच्या हद्दींवरून आखली गेली, बोलीवरून नव्हे. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. मोहगाव आता त्या जिल्ह्यात आहे, तेथे नगर परिषदही आहे. कचेरीची भाषा हिंदी, घरातली मराठी. पोळा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच अमावास्येला भरतो.

आता कागदांकडे वळू. भोसलेकालीन महसुली कागद मोडी लिपीत आहेत आणि ती लिपी वाचणारे दर पिढीत कमी होत आहेत. जेथे मराठी वाचण्याचीच सवय सुटत चालली आहे, तेथे मोडीची काय कथा! इंग्रजी अमदानीच्या बंदोबस्तात गावोगाव 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा कागद तयार होत असे. गुरे कोठे चारावीत, पाणी कोणी कसे घ्यावे, लाकूडफाटा कोणाचा, मोहाची फुले कोणी वेचावीत, अशा गावाच्या चालीरीती त्यात नोंदविल्या जात. फुर्निएच्या बाडात भय होते. या कागदात भांडणे मिटविण्याचा व्यवहार आहे. गाव उभे करावयाचे तर मी प्रथम तोच कागद मागेन, त्याच्याशेजारी पटवाऱ्याचा नकाशा ठेवीन, आणि त्यातील शेतांची व नाल्यांची नावे गावातल्या म्हाताऱ्यांकडून एकेक करून वदवून घेईन. हे शेवटचे काम कागदांइतके थांबणारे नाही.