विमान बदलताना लागणारा व्हिसा

परदेशप्रवासाची तयारी करताना ज्या देशात जायचे त्या देशाच्या व्हिसाची चौकशी प्रत्येकजण करतो. वाटेत ज्या विमानतळावर दोन-तीन तास थांबून विमान बदलायचे असते, त्या देशाची आठवण मात्र बहुधा तिकीट काढून झाल्यावर होते. काही वेळा तर ती थेट चेक-इन काउंटरवरच होते. सामान वजनकाट्यावर ठेवलेले असते, निरोप देण्यास आलेली मंडळी बाहेर उभी असतात आणि काउंटरवरील कर्मचारी पारपत्राची पाने पुन्हा पुन्हा चाळू लागतो. अशा प्रसंगी प्रवास तेथेच थांबतो. स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत आणि आवश्यक कागदपत्रे नसल्यामुळे हुकलेल्या प्रवासाची भरपाई प्रवासविमाही सर्वसाधारणपणे देत नाही.

'आम्ही विमानतळाबाहेर पाऊलही टाकणार नाही, मग व्हिसा कशाला?' हा प्रवाशांचा प्रश्न वरकरणी रास्त आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा पाया घालणारा शिकागो करार १९४४ साली झाला. त्याच्या नवव्या परिशिष्टातही, त्याच दिवशी त्याच विमानतळावरून पुढे जाणाऱ्या प्रवाशांपैकी ज्यांना व्हिसाची अट लागू होईल अशा देशांची संख्या कमीत कमी ठेवावी, असे सांगितले आहे. तथापि, काही प्रवासी वाटेतच कागदपत्रे नष्ट करून आश्रय मागतात वा तेथेच नाहीसे होतात, असा अनुभव आल्यावर अनेक देशांनी ठराविक देशांच्या नागरिकांवर ही अट घातली. ती पारपत्रावरून ठरते. प्रवाशाच्या हेतूवरून नव्हे. म्हणूनच एकाच कुटुंबात भारतीय पारपत्र असलेल्या आजी-आजोबांना एक नियम आणि कॅनडाचे पारपत्र असलेल्या नातवाला दुसरा, असे घडू शकते.

विषयाचे मर्म एका रेषेत आहे. विमानातून उतरल्यापासून इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंतचा भाग हा रेषेच्या अलीकडचा. खिडकी ओलांडली की प्रवासी त्या देशात दाखल झाला. दुबई, अबुधाबी, दोहा येथे रेषेच्या अलीकडे राहून विमान बदलणाऱ्या भारतीयाला व्हिसा लागत नाही. अन्य काही देशांत अलीकडे राहण्यासाठीही परवाना लागतो. अमेरिकेत तर ही रेषा विमानाच्या दाराशीच आहे असे म्हणावे लागेल. तेथील विमानतळांवर केवळ विमान बदलणाऱ्यांसाठी स्वतंत्र विभागच नाही. मेक्सिकोला निघालेल्या प्रवाशालाही नेवार्क वा शिकागो येथे इमिग्रेशनपुढे उभे राहावे लागते. व्हिसाविना पुढे जाऊ देण्याची जी सवलत पूर्वी होती, ती अमेरिकेने २ ऑगस्ट २००३ पासून स्थगित केली. तेव्हापासून भारतीय प्रवाशाला तेथून जाताना सी-१ हा संक्रमण व्हिसा किंवा नेहमीचा पर्यटन व्हिसा जवळ बाळगावाच लागतो. कॅनडाचीही अट आहे. ४८ तासांच्या आत पुढे जाणाऱ्यास तेथील संक्रमण व्हिसा विनाशुल्क मिळतो, परंतु अर्ज करावा लागतो. अमेरिकेचा व्हिसा हाती आहे म्हणून भारतीय प्रवाशाची त्यातून सुटका होत नाही.

युरोपचा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. शेंगेन गटाच्या व्हिसासंहितेत (ती ५ एप्रिल २०१० पासून लागू झाली) विमानतळावरील संक्रमणासाठी व्हिसा लागणाऱ्या देशांची एक समाईक यादी आहे. तीत अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आहेत, भारत नाही. एवढे वाचून निश्चिंत होणे मात्र धोक्याचे, कारण सदस्य देशांना आपापल्या यादीत आणखी देश घालण्याची मुभा आहे आणि काहींनी भारताचा समावेश केलेला आहे. जर्मनी हे त्याचे ठळक उदाहरण. भारतीयांसाठी ही अट काढून टाकण्याची घोषणा जर्मनीने जानेवारी २०२६ मध्ये, चॅन्सलरांच्या भारत दौऱ्यात केली. घोषणेचा दिवस आणि अंमलाचा दिवस एकच असतो असे नाही, हे अशा वेळी ध्यानी ठेवावे.

अट असली तरी सूटही आहे, आणि ती अनेकांना ठाऊक नसते. अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा वैध व्हिसा ज्याच्याकडे आहे, त्याला शेंगेन विमानतळावर रेषेच्या अलीकडे विमान बदलण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ब्रिटनचा स्वतंत्र संक्रमण व्हिसा भारतीयांना लागू आहे. तेथेही अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणाऱ्यास रेषेच्या अलीकडे राहण्यापुरती सूट मिळते. याउलट लंडनमार्गे नायजेरियातील लागोस येथे कामासाठी निघालेल्या अभियंत्याजवळ यांपैकी काहीच नसेल, तर त्याला तो व्हिसा आधीच काढावा लागेल.

समजा, नाशिकचे एक निवृत्त दांपत्य लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला निघाले आहे. दोघांच्या पारपत्रांवर कॅनडाचा व्हिसा आहे. मुंबई–फ्रँकफर्ट–टोरांटो असे एकाच तिकिटावरचे प्रयाण असेल, तर वरील सुटीमुळे काही अडचण नाही. आता त्यांना मुंबई–पॅरिस–फ्रँकफर्ट–टोरांटो असे स्वस्त तिकीट सापडले. पॅरिस ते फ्रँकफर्ट हे विमान शेंगेन गटातले अंतर्गत विमान. ते पकडायचे म्हणजे पॅरिसलाच इमिग्रेशन ओलांडणे आले. येथे संक्रमणाची सूट कामास येत नाही, पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. तिसरा पर्याय त्याहून फसवा. मुंबई–पॅरिस हे तिकीट एका कंपनीचे, पॅरिस–टोरांटो दुसरीचे, दोन्ही वेगवेगळी काढलेली. विमानतळ एकच असला तरी बॅगा पॅरिसपर्यंतच्याच असतील, तर त्या घेऊन पुन्हा चेक-इन करण्यासाठी बाहेर यावेच लागते. म्हणजे पुन्हा शेंगेन व्हिसा. पॅरिसमध्येच एका विमानतळावर उतरून ओर्लीहून पुढचे विमान घ्यायचे असेल तर वेगळे सांगावयास नकोच. आणि नेवार्कमार्गे जायचे ठरविले, तर कॅनडाच्या व्हिसाचा उपयोग शून्य. अमेरिकेचा व्हिसा हवा. चार-सहा हजार रुपयांच्या बचतीसाठी वडीलधाऱ्यांना दोन तिकिटांच्या प्रवासावर पाठविणे शहाणपणाचे नाही. आखाती शहरातून जाणारे एकाच तिकिटावरचे विमान थोडे महाग पडले तरी पत्करावे.

परतीच्या प्रवासाकडे हमखास दुर्लक्ष होते. जाताना ज्या व्हिसामुळे सूट मिळाली, त्याची मुदत मुक्कामात संपली तर काय? शेंगेन संहितेने याचा विचार केला आहे: अमेरिका, कॅनडा वा जपानचा व्हिसा वापरून तेथून परतणाऱ्यालाही सूट चालू राहते. ब्रिटनमार्गे परतताना मात्र सुटीचा आधार असलेला व्हिसा त्या दिवशीही वैध असला पाहिजे. नातवंडाचे बारसे पाहून मुक्काम लांबविणाऱ्यांनी परतीचा मार्ग निवडताना हा फरक पाहावा.

काउंटरवरील कर्मचारी एवढा काटेकोर का वागतो, यालाही कारण आहे. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेल्यास दंड कंपनीला भरावा लागतो. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार सदस्य देशांनी दर प्रवाशामागे या दंडाची किमान मर्यादा ३,००० युरोपेक्षा किंवा कमाल मर्यादा ५,००० युरोपेक्षा कमी ठेवावयाची नाही; शिवाय प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारीही कंपनीचीच. कर्मचारी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या 'टिमॅटिक' संगणकीय माहितीकोशात नियम पाहतो आणि तेथे जे दिसेल त्यानुसार वागतो. त्याच्याशी वाद घालून उपयोग होत नाही.

तेव्हा चौकशी तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी करावी. बॅगा शेवटच्या मुक्कामापर्यंत जातील काय, वाटेत विमानतळ किंवा देशांतर्गत विमान बदलावे लागेल काय, हे विमान कंपनीकडून शक्यतो लेखी विचारून घ्यावे. व्हिसाचा नियम संबंधित वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहावा. प्रवास एजंटाचे तोंडी आश्वासन काउंटरवर चालत नाही. अर्ज करावा लागणार असेल तर शेंगेन देशांचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो व सर्वसाधारणपणे किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला नेहमीच्या परिस्थितीत १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणांत तो लांबतो. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट रद्द करता येण्याजोगेच असावे.