वाशीमच्या रानातील धावमार्ग

हलक्या, एकसारख्या चालीने, बोलता येईल इतपतच दम लागू देत लांब पल्ला धावण्याचा जो व्यायाम आज जॉगिंग या नावाने सर्वत्र रूढ आहे, त्याची लोकचळवळ न्यूझीलंडमधील ऑकलंड या समुद्रवेढ्या, टेकड्याटेकड्यांच्या शहरात उभी राहिली. तेथील प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना दर आठवड्याला वायटाकेरे डोंगररांगेतील सुमारे ३५ किलोमीटरच्या चढ-उतारांवरून धावायला लावत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल याने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्ग याने ५००० मीटरचे सुवर्णपदक मिळवल्यावर या पद्धतीचा बोलबाला झाला आणि १९६२ मध्ये सामान्य नागरिकांसाठी ऑकलंड जॉगर्स क्लब निघाला. या साऱ्या इतिहासात समुद्रापेक्षा जमिनीच्या उंचसखलपणाचा वाटा मोठा आहे, आणि तशी जमीन मिळण्यासाठी किनाराच गाठावा लागतो असे नाही.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पठारावर वसलेला आहे. त्याच्या मधून जलविभाजक जातो; ज्या उंचवट्याच्या दोन अंगांना पडलेला पाऊस वेगवेगळ्या नद्यांना मिळतो, त्या उंचवट्याच्या रेषेला जलविभाजक म्हणतात. येथे उत्तरेकडे उतरणारे पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि अखेर अरबी समुद्राला मिळते, तर दक्षिणेकडील पाणी अडाण, अरुणावती आणि पैनगंगा यांच्या वाटेने वर्धा, प्राणहिता व गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जाते. नद्यांचे उगम जवळपासच असल्याने त्यांची पात्रे अद्याप खोल गेलेली नाहीत, आणि म्हणूनच मंगरूळपीर किंवा मानोरा तालुक्यांत नाला, चढण, माथा, उतरण आणि पुन्हा नाला असा जमिनीचा क्रम पुष्कळ ठिकाणी दिसतो.

धावणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेत एक सोपा नियम दडलेला आहे. माथ्याच्या रेषेने जाणारी वाट जवळपास सपाट राहते, तिच्यावर पाणी साचत नाही आणि पायाखाली बहुधा मुरूम असतो. मुरूम म्हणजे बेसॉल्ट हा काळा खडक कुजून तयार झालेला भरड, तांबूस भुगा, जो डांबरापेक्षा मऊ असूनही पाय रुतू देत नाही. याउलट नाले ओलांडत आडवी जाणारी वाट दर थोड्या अंतरावर चढवते-उतरवते, आणि तिच्या सखल भागात भारी काळी माती लागते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व बुटाच्या तळाला थराथराने चिकटत जाते, तर उन्हाळ्यात आकसून तिला घोटा मुरगळेल इतक्या रुंद भेगा पडतात. त्यामुळे पावसाळ्यात माथ्याची बरड वाट आणि हिवाळ्यात आडवी वाट हा क्रम सोयीचा ठरतो.

प्रत्यक्षात मात्र वाशीममध्ये पहाटे धावणाऱ्यांपैकी पुष्कळजण भरतीची तयारी करणारी मुले-मुली असतात, आणि ती डांबरी रस्त्याच्या कडेने धावतात. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर आणि वेळ दोन्ही काटेकोर मोजायची असल्याने किलोमीटरचा दगड असलेला सपाट रस्ता त्यांना भरवशाचा वाटतो. हे समजण्यासारखे असले तरी अंधारात, भरधाव ट्रकांच्या शेजारून, टणक डांबरावर रोज धावणे हा महागडा भरवसा आहे. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा तर प्रश्नच नाही, कारण त्यावर पायी चालण्यासही मनाई आहे.

चढ-उताराचा उपयोग आकड्यांतही दाखवता येतो. इटालियन शरीरशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून असे दिसते की, शंभर मीटरला दहा मीटर चढ असेल तर धावण्यास सपाटीपेक्षा साधारण दोन तृतीयांश जास्त ऊर्जा लागते, आणि तेवढ्याच उतारावर ती सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होते. म्हणजे चढाला खर्च झालेले उताराला पुरते वसूल होत नाही, आणि तीच लांबी पळूनही हृदय-फुप्फुसांना अधिक काम पडते. वाशीमचे बहुतेक चढ याहून सौम्य असल्याने हा फरक कमी राहतो, पण राहतो. उतार सोपा वाटला तरी त्याचा भार वेगळ्या जागी पडतो: मांडीचा पुढचा स्नायू तेथे ताणला जात असतानाच शरीराला आवर घालतो, आणि अशा कामाची सवय नसलेल्याची मांडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येते. नवख्याने चढ धावत आणि उतार चालत पार केला तर त्यात कमीपणा नाही. बीड जिल्ह्यातील मांडवा या बालाघाटच्या कुशीतल्या गावचा अविनाश साबळे शाळेत जाण्यासाठी लहानपणी अशाच रानातून पायपीट करी; २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले.

मग अशा वाटा शोधायच्या कोठे, याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरातील गावनकाशात आहे. त्यावर पाऊलवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेली असते. दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून (बांधांमधून) शेतांकडे जाणाऱ्या याच गाडीवाटेला या भागात पांदण म्हणतात. नकाशावरची प्रत्येक पांदण जमिनीवर सापडेलच असे नाही, कारण दोन्हीकडच्या नांगरांनी ती वर्षागणिक कातरून नेलेली असते किंवा बाभळी-बोरींनी बुजवलेली असते. २०२१ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत अशा वाटा मोकळ्या करून त्यांवर खडी-मुरूम टाकण्याची तरतूद झाली. योजना शेतमाल घरी आणण्यासाठी असली, तरी ट्रॅक्टरला चालणारी वाट धावणाऱ्याला नक्कीच चालते.

या वाटांना ऋतूचे बंधन मात्र आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीन गुडघ्यावर आलेले असते, धुऱ्यावरच्या गवतात घोणस असू शकते, आणि पहाटेच्या अंधारात पिकातून रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर अचानक आडवे येते. म्हणून त्या दिवसांत पुरते उजाडल्यावरच, दोघा-तिघांनी मिळून जावे. कारंजा-सोहोळ या काळविटांसाठी राखलेल्या सुमारे १८ चौरस किलोमीटरच्या अभयारण्याचे माळरान कितीही मोहक दिसले तरी ते धावपट्टी नव्हे. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या सुमारापासून, वाटा कोरड्या आणि नजरेला मोकळ्या होतात आणि साधारण फेब्रुवारी अखेरपर्यंत हवा साथ देते. मार्चनंतर ऊन लवकर तापू लागते, आणि धावणे उजाडताना सुरू करून ऊन चढण्याआधी आटोपावे लागते. राहता राहिला मोजमापाचा प्रश्न, तर मोबाईलवर अंतर मोजून किंवा लांब टेप लावून एखाद्या पांदणीवर १६०० मीटरच्या दोन्ही टोकांना चुन्याची खूण करणे हे दोन पोरांचे एका सकाळचे काम आहे.